दर पंधरा दिवसांनी डेटा पार्टिशन रीड-ओन्ली होतंय? एफएससीके थांबवा, आधी तारखा मांडा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मरोळच्या गाळ्यात ऑफिसचा फाइल सर्व्हर, असेंबल्ड मशीन, उबंटू २०.०४. ओएस एका छोट्या एसएसडीवर, डेटा दोन ४ टीबी हार्डडिस्कवर, लिनक्सच्या एमडीचं सॉफ्टवेअर रेड-१ (दोन्ही डिस्कवर तोच माल, एकमेकींचा आरसा) आणि वर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. मार्चपासून पाच वेळा डेटा पार्टिशन आपोआप रीड-ओन्ली झालं, म्हणजे वाचता येतं पण लिहिता येत नाही, प्रत्येक वेळी तुम्ही एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मायनस वाय, म्हणजे विचारेल त्याला "हो", असा मारला, काही फोल्डरं लॉस्ट-अँड-फाउंड या बेवारस मालाच्या फोल्डरात नुसते आकडे होऊन पडली, गाडी परत चालू. १४ एप्रिलनंतर दोन्ही डिस्क नव्या घातल्या तरी २८ एप्रिल आणि २६ मेला परत तेच. आता व्हेंडर म्हणतोय ईएक्सटी४ काढा, एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम टाका.

व्हेंडरचा सल्ला म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. एक्सएफएस चांगलीच आहे, रेड हॅटने २०१४ मध्ये आपल्या आरएचईएल ७ या लिनक्सपासून तीच डिफॉल्ट केली, माझ्याकडेही मोठ्या फाइलींच्या मशीनवर तीच असते. पण ईएक्सटी४ २००८ पासून स्टेबल म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे, जगात अगणित मशीन तिच्यावर चालतात, ती फक्त मरोळच्या एका गाळ्यात दर दोन आठवड्यांनी आजारी पडेल असं होत नाही. फाइलसिस्टिम बिचारी तक्रार करणारी आहे. तिच्या खाली कोणीतरी "लिहिलं हो साहेब" म्हणतंय आणि लिहीत नाहीये, किंवा लिहितंय वेगळंच. तो कोण हे शोधायचंय, आणि मला वाटतं तुम्ही पाठवलेल्या माहितीतच तो बराचसा सापडतो.

त्याच्या आधी एक काम आत्ता, हे वाचता वाचता करा. रात्रीचा बॅकअपचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुटणारं काम, बंद करा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये आरसिंकला (कॉपी करणारी कमांड) डिलीट ऑप्शन आहे. एफएससीकेने एखादं फोल्डर उचलून लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये टाकलं की मूळ जागी ते नसतं, मग आरसिंक प्रामाणिकपणे म्हणणार की सोर्सला नाही म्हणजे बॅकअपमधूनही उडवायचं. मूळही गेलं आणि बॅकअपही गेला, आणि दोन्ही गेल्याचं कळणार मार्चएंडला ऑडिटर फाइल मागेल तेव्हा. हे मी प्रत्यक्ष झालेलं बघितलंय, त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवा.

आता तारखा. तुम्ही पाच दिल्यात: ३ मार्च, १७ मार्च, १४ एप्रिल, २८ एप्रिल, २६ मे. तुम्ही लिहिलंय "साधारण दोन-अडीच आठवड्यांनी, बहुतेक सोमवारी". कॅलेंडर घेऊन बसा जरा. बहुतेक नाही, पाचही सोमवार आहेत, आणि मधलं अंतर १४ दिवस, २८ दिवस, १४ दिवस, २८ दिवस. चौदाच्या पटीबाहेर एकही तारीख नाही! डिस्क मरायला लागली की ती असं पंचांग बघून मरत नाही. आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, ऑफिस बंद, गाळ्यात कुणी नव्हतं, म्हणजे कुणी पायाने वायर ओढली, कुणी चुकीचं शटडाउन केलं वगैरे सगळं बाद. हे घड्याळाचं काम आहे.

सर्व्हरच्या आजूबाजूला चौदा दिवसांचं घड्याळ कुणाकडे असतं? क्रॉनमध्ये असं सहसा कोणी लिहीत नाही. एमडीची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर असते, ट्रिमचा (एसएसडीला मोकळी जागा कळवण्याचा) टायमर दर आठवड्याला सोमवारी मध्यरात्री सुटतो पण तो एसएसडीसाठी, तुमच्या या फिरत्या डिस्कना त्याचं काही नाही. मग उरतो यूपीएस. बऱ्याच यूपीएसमध्ये फॅक्टरी सेटिंगच असतं की चालू केल्यापासून दर १४ दिवसांनी आपण होऊन सेल्फ-टेस्ट घ्यायची, म्हणजे काही सेकंद मेन्स सोडून बॅटरीवर जायचं, बॅटरीत दम आहे का बघायचं आणि परत मेन्सवर यायचं. कुणाला पत्ता लागत नाही, बारीक "टक्" असा रिलेचा आवाज तेवढा येतो.

तुम्ही म्हणाल पण सर्व्हर तर बंद पडलाच नाही, अपटाइम सलग आहे. अगदी बरोबर, आणि तीच तर यातली गंमत आहे. तुम्ही स्मार्टचं, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते त्याचं, पूर्ण आउटपुट पाठवलंत ते फार बरं केलंत. वर "पास्ड" लिहिलंय ते बघून तुम्ही थांबलात, सगळेच थांबतात, मीही अनेक वर्षं थांबायचो. पास्डला काही अर्थ नसतो, खालचे आकडे वाचायचे. ५, १९७, १९८ या ओळी शून्य आहेत, म्हणजे प्लॅटर (डिस्कची आतली चकती) ठणठणीत. १९९, म्हणजे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा), एकीवर २, दुसरीवर ०, म्हणजे डेटा केबलवर फार संशय नको. आता १२ नंबरची ओळ बघा, पावर सायकल काउंट. एका डिस्कवर ४१ आणि दुसरीवर ३८. डिस्क लावून दोन महिनेही झाले नाहीत आणि तुमच्याच म्हणण्यानुसार या काळात सर्व्हर एफएससीकेसाठी आणि एकदा धूळ काढायला असा तीन-चार वेळाच बंद झाला. "लास्ट रीबूट" मारून मोजून घ्या. मग बाकीच्या पस्तीस-छत्तीस वेळा डिस्कची पावर कोणी काढली? (चौदा दिवसांच्या टेस्ट या काळात तीनच, पण लाइट लुकलुकली की यूपीएस तसाच बॅटरीवर जातो.) आणि १९२ ची ओळ, पावर-ऑफ रिट्रॅक्ट, म्हणजे अचानक वीज गेली म्हणून हेड घाईघाईत पार्क करावं लागलं, तीही जवळजवळ तेवढीच आहे.

म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, कर्नल चालू आहे, फक्त डिस्क मधेच मरते आणि सात-आठ सेकंदांत परत जन्माला येते. कर्नल बघतो की लिंक गेली, "हार्ड रिसेटिंग लिंक" म्हणतो, लिंक परत येते, आणि काही झालंच नाही असं समजून पुढे कामाला लागतो. पण डिस्कच्या पोटात जी कॅश असते, आजकालच्या ४ टीबी डिस्कवर २५६ एमबी वगैरे, त्यात "लिहिलं" म्हणून कबूल केलेला पण प्लॅटरवर अजून न उतरलेला माल असतो, तो गेला. कर्नलच्या हिशोबात तो लिहिलेला आहे. सगळी मशीनच बंद पडली असती तर एक वेळ बरं झालं असतं, कारण मग बूट होताना जर्नल (आधी नोंद, मग काम अशी फाइलसिस्टिमची वही) रिप्ले झालं असतं, त्यासाठीच तर ते असतं. इथे रिप्ले होतच नाही कारण वरच्या कोणाला खाली काही झालंय हेच माहीत नाही. एमडीलाही कळत नाही, डिस्क अॅरेमधून बाहेर पडलीच नाही त्याच्या मते, त्यामुळे रिसिंकही, म्हणजे दोन्ही डिस्क परत जुळवणंही, नाही.

आता याला तुमच्या एफएसटॅबची जोड (कुठलं पार्टिशन कसं माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, ते लिहिलेली फाइल). डेटा पार्टिशनच्या ओळीत "बॅरियर=०" आहे. हे कोणी टाकलं? कुठल्या तरी "सर्व्हर फास्ट करा" छाप टिपमधून आलेलं असणार. बॅरियर म्हणजे ईएक्सटी४ ठरावीक जागी डिस्कला सांगते की आता कॅश रिकामी कर, खरंच प्लॅटरवर उतरव, मग पुढचं बोलू. ते बंद केलं की जर्नलचा क्रमच राहत नाही, कमिट आधी उतरलं आणि त्यातला मजकूर मागे राहिला असं होऊ शकतं. बॅटरीवाली रेड कार्डं असतात तिथे लोक हे करायचे, साध्या डिस्कवर हे म्हणजे कुलूप न लावता नुसती कडी लावून गावाला जाणं. आजच्या आज काढा. पण फक्त हे काढून प्रश्न सुटेल असं समजू नका, बॅरियर चालू असतानाही डिस्कची वीज मधेच गेली तर शेवटच्या फ्लशनंतरचं सगळं जाणारच, नुकसान कमी होईल एवढंच.

अजून एक, तुमच्या लॉगमध्ये पहिली एरर सकाळी ६ वाजून २० ते ४० मिनिटांच्या मधली आहे म्हणून तुम्ही त्या वेळेला काय चालतं ते शोधत होतात. प्रेत सकाळी सापडलं म्हणजे खून सकाळीच झाला असं नसतं. त्या एररच्या ओळीत प्रोसेसचं नाव अपडेटडीबी आहे. उबंटूवर रोजचे क्रॉन ६ वाजून २५ मिनिटांनी सुटतात, त्यातलं हे अपडेटडीबी सगळी फोल्डरं चाळत जातं, म्हणून मोडलेल्या डिरेक्टरीवर पहिला पाय त्याचा पडतो. ते बिचारं साक्षीदार आहे. मोडतोड त्याआधी झाली, बहुधा रात्री, जेव्हा टॅलीचा बॅकअप लिहिला जात होता, दीडला चालू होतो म्हणालात. लिखाण चालू असतानाच झटका बसला तरच फाइलसिस्टिम मोडते, म्हणून काही चौदावे दिवस कोरडे गेले आणि ३१ मार्च आणि १२ मे तुमच्या यादीत नाहीत. तुम्ही मला लॉग ईएक्सटी४ च्या पहिल्या एररपासून पुढचा पाठवलात. मला हवा त्याच्या आधीचा. लॉग एसएसडीवर आहे म्हणजे शाबूत असणार. २६ मेच्या पहाटे १ ते ३ मधल्या कर्नलच्या ओळी काढा आणि एटीए शब्दाने शोधा, डिस्कच्या लिंकच्या ओळींत तो असतो. लिंक रिसेट, "फेल्ड कमांड", लिंक ६ जीबीपीएसवरून ३ किंवा दीडवर उतरली, असलं काहीतरी असणार. दोन्ही पोर्टला एकाच सेकंदाला असेल तर मग केबलबिबल विसरा, पावर.

आता डिस्कच का जातात आणि एसएसडी आणि मदरबोर्ड का टिकतात? साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, साटा एसएसडी फक्त ५ व्होल्ट खाते. यूपीएस मेन्सवरून बॅटरीवर जाताना ४ ते १० मिलिसेकंदांचा खड्डा पडतो, चांगला एसएमपीएस (मशीनच्या आतला पावर सप्लाय) १६-१७ मिलिसेकंद आपल्या कपॅसिटरवर तग धरतो. पाच वर्षं मुंबईच्या दमट हवेत आणि ३५ डिग्रीच्या गाळ्यात भाजलेला स्वस्तातला एसएमपीएस तेवढा धरत नाही. १२ व्होल्टची लाइन बसते, त्यात तुम्ही फोटोत दाखवलंय की दोन्ही डिस्क एकाच मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा पावर कनेक्टर) स्प्लिटर, म्हणजे एकाचे दोन करणारी वायर, लावून घेतल्यात, म्हणजे वायरीतला ड्रॉप वेगळाच. दोघी एकदम जातात. म्हणून डिस्क बदलून फरक पडला नाही, नव्या डिस्कही त्याच पिळलेल्या वायरीवर टांगल्या गेल्या.

या स्प्लिटरवर माझा जुना राग आहे. गोरेगावला एका एडिटिंग स्टुडिओत काही वर्षांपूर्वी असंच प्रकरण होतं, तिथे चार महिने मी रॅम बदलली, कंट्रोलर बदलला, कर्नल बदलला, क्लायंटचे पैसे आणि माझी इज्जत दोन्ही घालवली. शेवटी एका रविवारी कॅबिनेट उघडून नुसता बसून होतो, काही कळत नव्हतं म्हणून, आणि एक डिस्क मधेच "कुर्र... टक" करून थांबली आणि परत फिरायला लागली. स्क्रीनवर काही नाही. हात घातला तर स्प्लिटरचा साटाकडचा कनेक्टर गरम, ओढून काढला तर एका बाजूचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं आणि आतली एक पिन काळपट. तो मोल्डेड प्रकारचा होता, म्हणजे पिनांवर सरळ प्लास्टिक ओतून बनवलेला, त्यात पिना नीट धरलेल्या नसतात, हळूहळू सरकतात, तापतात, कधीकधी जळतातही. घ्यायचाच झाला तर क्रिंप केलेला घ्यायचा, वायर प्रत्येक पिनेत वेगळी दाबलेली दिसते. आणि खरं तर घ्यायचाच नाही, एसएमपीएसलाच पुरेसे साटा कनेक्टर असलेला घ्यायचा. लॅमिंग्टन रोडला दुकानदार "साहेब सगळे हेच वापरतात" म्हणेल. सगळे वापरतात म्हणूनच आमचा धंदा चालतो. आपल्याकडे खाडीची नाही तर समुद्राची हवा, नाल्याकाठच्या गाळ्यांत तर गटाराचा वायूही, तांब्या-चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडायला वेळ लागत नाही. पुण्याला दहा वर्षं टिकणारा कनेक्टर इथे तेवढा टिकत नाही असा माझा अनुभव.

पण माझं म्हणणं तसंच मान्य करू नका, दहा मिनिटांत तपासता येतं. शनिवारी संध्याकाळी सगळे गेले की डेटा पार्टिशन अनमाउंट करा, एमडी अॅरे स्टॉप करा, म्हणजे वर लिहिणारं कोणी नाही. १२ आणि १९२ चे आकडे दोन्ही डिस्कचे कागदावर लिहा. एका खिडकीत डीमेसेज मायनस डब्ल्यू चालू ठेवा, कर्नलच्या ओळी पडतील तशा दिसतील. मग यूपीएसचं टेस्टचं बटण दाबा. डिस्कजवळ कान ठेवा. मोटर बसल्याचा आवाज आला, लिंक रिसेटच्या ओळी पडल्या, आकडा एकने वाढला, की चोर सापडला. नाही वाढला तर बटण अजून दोन-तीनदा, आणि मग डिस्कवर थोडं वाचनाचं ओझं टाकून, डीडीने नुसतं वाचत राहा दोन्हीवरून, लिहू नका. यूपीएसच्या बॅटरीचं वय पण विचारा ज्याने बसवला त्याला, लेड-अॅसिड बॅटरी इथल्या उकाड्यात तीनेक वर्षांत म्हातारी होते आणि यूपीएसवरचा हिरवा दिवा तरी हिरवाच राहतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या मुंबईची लाइट गेली तेव्हा मला दिवसभरात जेवढे फोन आले त्यात निम्म्यांच्या यूपीएसने दोन मिनिटंही काढली नव्हती, आणि ज्यांच्या रेड कार्डची बॅटरी मेलेली असून राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मागाहून डिस्कवर) जबरदस्तीने चालू ठेवलं होतं त्यांची रात्र माझ्यासकट तिथेच गेली.

समजा यातलं काहीच निघालं नाही. मग दुसरा संशय रॅम, आणि तुमच्याकडे रेड-१ आहे म्हणून तो तपासायची एक मस्त सोय आहे जी लोक वापरत नाहीत. एमडीला "चेक" सांगा, सिस् फोल्डरातल्या सिंक-अॅक्शन या फाइलीत चेक लिहायचं, ४ टीबीला सात-आठ तास लागतील, संपलं की मिसमॅच काउंट बघायचा. दोन्ही आरशांत वेगळं दिसत असेल तर गडबड आरशाच्या खाली आहे: डिस्क, केबल, पावर. दोन्हीकडे अगदी सारखंच आहे आणि तरी फाइलसिस्टिम मोडलेली आहे, तर चूक आरशाच्या वरच झाली आणि दोन्हीकडे तीच इमानदारीने छापली गेली: रॅम, सीपीयू, नाहीतर कर्नल. झेरॉक्स मशीनला मूळ कागदावरची चूक कळत नाही. आकडा १२८ च्या पटीत दिसेल, रेड-१ मध्ये तो तसाच मोजला जातो, १२८ म्हणजे १२८ चुका नव्हेत. एमडीवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर तिथला थोडा फरक निरुपद्रवी असतो, तुमच्याकडे तो नाही. आणि हात जोडून सांगतो, चेकच्या जागी "रिपेअर" लिहू नका. रेड-१ ला खरं कोण खोटं कोण हे माहीत नसतं, कारण चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, नसतो, तो एकीचं उचलून दुसरीवर छापतो, ती चुकीची असली तरी.

यावरून हेही लक्षात येईल की मिसमॅच असताना एफएससीके का भरवशाचा नाही. रेड-१ वाचताना कधी या डिस्कवरून वाचतो कधी त्या. एकदा बघितलं तर ब्लॉक बरोबर, परत बघितलं तर चूक. म्हणून एक साधी कसोटी, अनमाउंट केलेल्या पार्टिशनवर ई२एफएससीके मायनस एफएन, म्हणजे काही न बदलता फक्त बघायचं, लागोपाठ तीनदा. तिन्ही वेळा अक्षरशः तेच आउटपुट आलं पाहिजे. दर वेळी वेगळ्या तक्रारी येत असतील तर मशीन या क्षणी खोटं बोलतंय, आणि अशा मशीनवर मायनस वाय मारणं म्हणजे दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात वस्तरा.

रॅमचा अजून एक माग असतो. एखादी खराब झालेली फाइल आणि बॅकअपमधली तिची चांगली कॉपी घ्या, सीएमपी मायनस एल ने बाइट-बाइट जुळवा. सबंध ४०९६ बाइटचा तुकडा शून्य किंवा भलत्याच फाइलचा मजकूर असेल तर स्टोरेजकडे बोट. पण हजारो बाइटमध्ये एखादाच वेगळा, तोही एकाच बिटने, जसं इंग्रजी छोट्या ए च्या जागी मोठा ए, ऑक्टलमध्ये १४१ च्या जागी १०१, तर ती रॅम आहे हे डोळे मिटून सांगतो. दादरला एका ऑफिसात असं होतं, दर खराब फाइलमध्ये तोच एक बिट. रॅम तपासणारा मेमटेस्ट दिवसा चार तास चालवला, स्वच्छ. मग कळलं की रविवारी कोणी नसतं म्हणून वॉचमनकाका शनिवारी रात्री एसीचा एमसीबीच खाली पाडून जातात, चांगल्या मनाने, बिल वाचावं म्हणून. सर्व्हरची खोली तापली की ती एक पट्टी चुकायची. एसी बंद करून मेमटेस्ट लावला आणि चाळीस मिनिटांत लाल ओळी. तुमच्या मदरबोर्डवर ईसीसी (रॅमची चूक पकडून दुरुस्त करणारी सोय) नाही, त्यामुळे कोणी ओरडणारही नाही, ईसीसी असती तर कर्नलमध्ये ईडॅकचे, म्हणजे अशा चुका मोजणाऱ्या भागाचे, आकडे वाढताना दिसले असते. गूगलच्या मशीनवरचा २००९ चा एक अभ्यास आहे, त्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनवर निदान एक तरी दुरुस्त करता येणारी रॅम-एरर दिसली होती, म्हणजे ही काही लाखात एक गोष्ट नाही.

कर्नलचा बग असतो का, तर असतो. २०१८ च्या शेवटी ४.१९ मध्ये लोकांच्या ईएक्सटी४ मोडायला लागल्या, सगळे ईएक्सटी४ ला शिव्या देत होते आणि शेवटी दोष निघाला खालच्या ब्लॉक लेयरमध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या लिनक्सवाल्यांनी आपलं १२.३ ऐन वेळी अडवलं कारण ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ चा डेटा खराब करणारा बग होता. पण हे बग कॅलेंडर बघून येत नाहीत आणि तुमचा ५.४ कर्नल जुना मुरलेला आहे. तो संशय सगळ्यात शेवटी. २०.०४ ची नेहमीची सपोर्ट मुदत २०२५ मध्ये संपलेली आहे, अपग्रेड करायचंच आहे, फक्त आत्ता या गोंधळात करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत. आणि तोच डिस्क-इमेज दोन व्हीएमला (मशीनच्या आतली आभासी मशीन) एकदम जोडला, असलं काही तुमच्याकडे नाही ना? बाकी ठिकाणी रोज होतं म्हणून विचारलं.

आता दुरुस्तीचा क्रम. एफएससीके म्हणजे प्रेत हलवणं आहे, आधी पंचनामा. तुम्ही पाचही वेळा पंचनामा न करता प्रेत हलवलंत म्हणून आता मागचं काही सिद्ध करता येत नाहीये. पावर आधी ठीक करा: नवा एसएमपीएस, प्रत्येक डिस्कला सरळ साटा कनेक्टर, स्प्लिटर कचऱ्यात (ठेवून देऊ नका, कोणीतरी परत लावतंच). मग बटणाची टेस्ट परत, आकडा हलता कामा नये. मग ४ टीबीची तिसरी डिस्क आणून डीडीरेस्क्यूने अॅरेची पूर्ण कॉपी. डिस्क नसेल तर निदान ई२इमेजने मेटाडेटाची (मजकूर सोडून फाइलींची नावं, जागा वगैरे रचना) इमेज एसएसडीवर घ्या, ती काही जीबीचीच होते. काही फाइली तातडीने हव्या असतील तर रीड-ओन्ली माउंट करा पण "नोलोड" लावून, कारण ईएक्सटी४ नुसत्या रीड-ओन्ली माउंटमध्येही जर्नल रिप्ले करते, म्हणजे लिहिते. हे अनेकांना माहीत नसतं. त्यानंतर एफएससीके, मायनस झेड देऊन अनडू फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवून, आणि सगळं आउटपुट फाइलमध्ये पकडून. लगेच दुसऱ्यांदा मायनस एफएन, तो पूर्ण स्वच्छ आलाच पाहिजे.

खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर पाच वेळा शिवलेली ही फाइलसिस्टिम ठेवलीच नसती. नवीन फॉरमॅट करून बॅकअपमधून माल आणला असता, आणि बॅकअपमध्ये नसलेलं तेवढंच जुन्या कॉपीतून एकेक तपासून. एफएससीके रचना जुळवतो, आतला मजकूर खरा आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे "क्लीन" आलं तरी एखाद्या एक्सेलच्या पोटात दुसऱ्याच फाइलचा तुकडा असू शकतो. आणि फॉरमॅट करतच आहात तर मग एक्सएफएसपेक्षा झेडएफएस या फाइलसिस्टिमचा मिरर बघा. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ दोघींत चेकसम असला तर मेटाडेटाचा, तुमच्या मजकुराचा नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा ठेवते, त्यामुळे दोन आरशांतला खोटारडा कोणता हे तिला कळतं आणि ती चांगल्याकडून परत लिहिते. नवीन एसएमपीएस यायला दोन दिवस लागणार असतील तर तोवर एचडीपार्म कमांडने दोन्ही डिस्कची राइट कॅश बंद करून ठेवा, कॉपी करताना सगळे स्लो-स्लो ओरडतील, ओरडू दे.

पहाटे १ ते ३ च्या ओळी काढल्यात की पाठवा, आणि बटण दाबण्याआधीचे आणि नंतरचे १२ व १९२ चे आकडे दोन्ही डिस्कचे वेगवेगळे लिहा. पुढचा चौदाव्या दिवसाचा सोमवार ९ जून आहे, त्याच्या आदल्या रात्री टॅलीचा बॅकअप त्या डिस्कवर नको.